मॅनेजमेंट स्टुडिओत मेसेज दिसत नाही, मध्येच तुटतो किंवा प्रश्नचिन्हं येतात: काय तपासायचं, कुठे थांबायचं

लक्षणं

- स्क्रिप्ट चालते, पण खाली फक्त 'कमांड्स कम्प्लीटेड सक्सेसफुली' येतं. स्क्रिप्टमध्ये लिहिलेले प्रिंटचे मेसेज गायब.
- मेसेजची खिडकीच दिसत नाही.
- बराच वेळ स्क्रीन कोरी राहते आणि मग सगळे मेसेज एकदम येतात.
- 'रोज अफेक्टेड' (किती नोंदींवर परिणाम झाला) ही ओळ येत नाही, किंवा एकाच्या जागी तीन-चार येतात.
- लांब मजकूर अर्ध्यात तुटतो.
- मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं, चौकोन किंवा इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो.
- लाल अक्षरांत एरर येते, पण ती कोणत्या कॉलममुळे आली ते कळत नाही.
- 'आउट ऑफ मेमरी' येऊन क्वेरी मध्येच थांबते.

ही सगळी दुखणी एसक्यूएल सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओतली, म्हणजे हिशेबाचा डेटा साठवणाऱ्या एसक्यूएल सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवायच्या टूलमधली. सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले चादर-टॉवेलचे कारखाने आणि मार्केट यार्डातल्या आडती, दोन्हीकडे मी हीच तक्रार वर्षानुवर्षं दुरुस्त करतोय. मजुरीचा नाहीतर पट्टीचा हिशेब अडतो. सॉफ्टवेअरवाला एक स्क्रिप्ट पाठवतो आणि "चालवा, खाली काय येतं ते सांगा" म्हणतो. नेमकं जे यायला हवं तेच खाली येत नाही. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीतच करायच्या.)

सगळ्यात आधी: पुन्हा एफ-फाइव्ह दाबू नका

मेसेज दिसणं वेगळं आणि काम होणं वेगळं. सर्व्हरनं काम पूर्ण केलंय, पण टूलनं ते तुम्हाला दाखवलं नाही, असं सर्रास होतं. "काही आलंच नाही" म्हणून माणूस एफ-फाइव्ह दाबून तीच स्क्रिप्ट परत चालवतो आणि कामगारांची आठवड्याची मजुरी दोनदा पोस्ट होते, किंवा शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली-तोलाई दोनदा वजा होते. मेसेज न दिसल्यानं कुणाचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते या दुसऱ्या एफ-फाइव्हनं.

म्हणून स्क्रिप्ट संपली असेल तर त्याच खिडकीत 'सिलेक्ट @@ट्रॅनकाउंट' चालवा. उत्तर शून्य आलं तर अर्धवट अडकलेला व्यवहार नाही. मग नव्या खिडकीतून ज्या टेबलात बदल व्हायचा होता त्यातल्या आजच्या नोंदी मोजा. त्या आल्या असतील तर काम झालंय आणि प्रश्न फक्त दिसण्याचा आहे.

उत्तर शून्यापेक्षा मोठं आलं तर व्यवहार उघडा आहे. बदल झालाय, पण पक्का झालेला नाही. अशा वेळी नव्या खिडकीतली साधी मोजणीसुद्धा अडकून बसते आणि दुकानातली बाकीची मशिनंही 'थांबली' अशी ओरड सुरू होते. खिडकी बंद करायला गेलात की टूल विचारतं, पक्का न झालेला व्यवहार पक्का करू का? 'येस' म्हणजे पक्का, 'नो' म्हणजे सगळं मागे. स्क्रिप्ट ज्यानं पाठवली त्याला विचारल्याशिवाय इथे काहीच दाबू नका.

एवढं पाहून झालं की पुढचं निवांत तपासता येतं.

फुकटातल्या तपासण्या

कंट्रोल-आर दाबून पाहा. खालची खिडकी या कळीनं लपते आणि परत येते. चुकून हात लागला की लोकांना टूल बिघडलं असं वाटतं. क्वेरीनं काही ओळी आणल्या असतील तर 'रिझल्ट्स' टॅब पुढे असतो आणि 'मेसेजेस' त्याच्या मागे. तो टॅब उघडून पाहा. खिडक्यांची मांडणीच विस्कटली असेल तर 'विंडो' मेनूत 'रीसेट विंडो लेआउट' आहे.

मग पाहा, स्क्रिप्टचा काही भाग निवडलेला तर नाही? निळ्या रंगात काही निवडलेलं असेल तर एफ-फाइव्ह तेवढंच चालवतं, बाकी सोडून देतं. प्रिंटची ओळ निवडीच्या बाहेर राहिली की मेसेज येणार कुठून? मी कुणाच्याही मशिनवर बसलो की आधी कोऱ्या जागी क्लिक करून निवड काढतो. वरच्या डाव्या कोपऱ्यात डेटाबेसचं नावही बघून घ्या. तिथे 'मास्टर' असेल तर तुमची टेबलं सापडणार नाहीत आणि २०८ क्रमांकाची एरर येईल.

तिसरं, कंट्रोल-टी दाबून स्क्रिप्ट टेक्स्ट मोडमध्ये ठेवा. मग क्वेरीच्या ओळी आणि मेसेज एकाच जागी, ज्या क्रमानं आले त्या क्रमानं दिसतात. ग्रिडमध्ये हा क्रम कळत नाही आणि चौकशी करताना क्रमच हवा असतो. परत ग्रिडवर जायला कंट्रोल-डी. मोड बदलला म्हणून बदल करणारी स्क्रिप्ट पुन्हा चालवायची नाही. फक्त वाचणारी क्वेरी असेल तरच पुन्हा चालवा.

मजकूर तुटतो तेव्हा

टेक्स्ट मोडमध्ये प्रत्येक कॉलमची २५६ अक्षरंच दिसतात. 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'क्वेरी रिझल्ट्स' यात ही मर्यादा बरीच वाढवता येते. बदल नव्यानं उघडलेल्या खिडकीला लागू होतो, आधीच उघडी असलेली तशीच राहते. "सेटिंग बदललं तरी फरक नाही" ही तक्रार बहुतेक वेळा त्यामुळेच असते.

प्रिंटची मर्यादा वेगळी आहे आणि ती टूलमधून वाढत नाही: साधा मजकूर ८००० अक्षरं, युनिकोड (मराठीला लागतो तो) ४०००. पुढचं गुपचूप गळतं, सूचनाही येत नाही. रेझएरर या मेसेजच्या दुसऱ्या कमांडमधून पाठवलेला मेसेज २०४७ अक्षरांपर्यंतच जातो.

इथे एक गोष्ट निश्चित करून घ्यावी लागते: तुटलंय ते दिसण्यात की मुळात? व्हेरिएबलवर 'लेन' किंवा 'डेटालेंग्थ' चालवून लांबी पाहा. लांबी पूर्ण असेल तर मजकूर शाबूत आहे, तुकड्यातुकड्यांनी प्रिंट करा. लांबी नेमकी ८००० वर (युनिकोड मजकुरात 'लेन'नं ४००० वर) अडलेली दिसली तर तुकडे जोडतानाच मजकूर गेलाय, कारण जोडणीतला एकही तुकडा 'मॅक्स' (या मर्यादेपलीकडे जाणाऱ्या) प्रकारचा नव्हता. तिथे स्क्रिप्टच दुरुस्त करावी लागते.

मेसेजच्या जागी कोरी ओळ

प्रिंटमध्ये '+' चिन्हानं मजकूर जोडला असेल आणि त्यातली एक किंमत 'नल' (काहीच न भरलेली) असेल तर अख्खा मेसेज 'नल' होतो आणि कोरी ओळ येते. शंभर विणकरांच्या यादीत एकाचा बँक खाते क्रमांक भरलेला नसला की त्याच्यापुरती ओळ कोरी. मेसेज नाही म्हणजे तो माणूस यादीत नाही, असा अर्थ काढला जातो आणि त्याचा पगार राहतो. '+' ऐवजी 'कॉनकॅट' वापरा. ते 'नल'ला रिकामा मजकूर समजतं आणि बाकीचं दाखवतं. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२ च्या आवृत्तीपासून ते उपलब्ध आहे.

'रोज अफेक्टेड'चा गोंधळ

ओळ येत नसेल तर स्क्रिप्टच्या किंवा प्रोसीजरच्या (सर्व्हरवरच साठवलेल्या स्क्रिप्टच्या) सुरुवातीला 'सेट नोकाउंट ऑन' आहे का पाहा. असेल तर तो बिघाड नाही, मुद्दाम केलेलं आहे. ओळी जास्त येत असतील तर बहुधा टेबलावर ट्रिगर (आपोआप चालणारी स्क्रिप्ट) आहे: साठ्याची एक नोंद बदलली की तो आणखी दोन टेबलांत लिहितो आणि प्रत्येकाची वेगळी ओळ येते. आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नका, पण ट्रिगर कोणता आणि तो काय करतो हे एकदा कागदावर उतरवून ठेवा.

मेसेज उशिरा येतात

प्रिंटचे मेसेज सर्व्हर लगेच पाठवत नाही, साठवतो आणि साठा भरला किंवा काम संपलं की एकदम सोडतो. म्हणून लांब चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये प्रगती कळावी यासाठी प्रिंट निरुपयोगी आहे. त्याऐवजी रेझएरर वापरा: पातळी ०, स्टेट १ आणि शेवटी 'विथ नोवेट'. पातळी ० म्हणजे ती एरर नाही, नुसती माहिती. रेझएररच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधला 'ई' एकदाच येतो, तो दोनदा टाइप केला की कमांडच चालत नाही. शिवाय मेसेजमध्ये टक्क्याचं चिन्ह असेल तर ते दोनदा लिहावं लागतं, नाहीतर "५०% काम झालं" अशा निरुपद्रवी वाक्यावरसुद्धा एरर येते.

शांतता साठवणीमुळे आहे की क्वेरी खरंच अडकली आहे, हे नव्या खिडकीत 'एसपी_हू२' चालवून कळतं. 'बीएलके बाय' या कॉलममध्ये तुमच्या क्वेरीसमोर एखादा क्रमांक दिसला तर त्या क्रमांकाच्या कनेक्शननं तिला अडवून धरलंय. ते कुणाचं मशीन आहे ते त्याच यादीत असतं. उठा, तिथे जा, अर्धी भरून ठेवलेली नोंद पूर्ण करायला सांगा. 'किल' कमांड हाताशी आहे म्हणून लगेच वापरू नका. समोरच्या माणसाची तासाभराची एंट्री त्यात जाते.

मराठी मजकूर बिघडतो

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो, आणि सगळ्यात जास्त चुकीचे उपायही इथेच होतात. 'मराठी दिसत नाही' या एका तक्रारीत तीन वेगळे रोग असतात आणि तिघांचं औषध वेगळं आहे.

चौकोन दिसतात, म्हणजे डेटा शाबूत आहे, फक्त फॉन्टमध्ये ती अक्षरं नाहीत. 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'एन्व्हायर्नमेंट', 'फॉन्ट्स अँड कलर्स' मध्ये ग्रिड रिझल्ट्स आणि टेक्स्ट रिझल्ट्स असे दोन स्वतंत्र पर्याय आहेत. दोन्हीकडे फॉन्ट बदला. ग्रिडचा बदल टूल बंद करून उघडल्यावरच दिसतो. मंगल फॉन्ट मराठीला पुरतो, पण आपल्या गावात कामगारांची नावं तेलुगू किंवा कन्नड लिपीतही भरलेली सापडतात. म्हणून निर्मला यूआय निवडा, त्यात तिन्ही लिप्या आहेत आणि विंडोज ८ पासून तो सोबतच येतो. टेक्स्ट मोडमध्ये मराठी कॉलम एकाखाली एक सरळ लागत नाहीत, त्याच्या मागे लागू नका. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते, तो बिघाड नाही.

प्रश्नचिन्हं दिसतात, तेव्हा आधी एक चाचणी करा. त्या कॉलमवर 'युनिकोड' फंक्शन चालवा. ते पहिल्या अक्षराचा क्रमांक देतं. २३०४ ते २४३१ च्या दरम्यान आला तर टेबलात देवनागरी अक्षरच आहे आणि बिघाड दाखवण्याच्या वाटेवर कुठेतरी आहे. ६३ आला तर टेबलात खरोखर प्रश्नचिन्हच साठलंय. नाव गेलं. फॉन्ट बदलून, कॉलमचा प्रकार बदलून, टूल पुन्हा टाकून ते परत येणार नाही. जुन्या बॅकअपमधून किंवा मस्टरच्या कागदावरून पुन्हा भरावं लागेल.

असं होतं याचं कारण सोपं आहे. देवनागरीसाठी विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं कोडपेज (अक्षरांच्या क्रमांकांचा तक्ता) नाहीच, ती फक्त युनिकोडमध्ये राहते. 'व्हारचार' कॉलम मजकूर कोडपेजमध्ये बसवायला जातो, अक्षराला जागा सापडत नाही आणि तिथे प्रश्नचिन्ह ठेवलं जातं. म्हणून कॉलम 'एनव्हारचार' (युनिकोड साठवणारा) हवा. आणि स्क्रिप्टमध्ये मराठी मजकूर लिहिताना अवतरणचिन्हाच्या लगेच आधी मोठ्या लिपीतला इंग्रजी 'एन' हवा. तो नसेल तर कॉलम कितीही बरोबर असला तरी मजकूर तिथे पोचण्याआधीच बिघडतो. प्रिंटलाही हेच लागू आहे. २०१९ पासून यूटीएफ-८ कोलेशनचा (अक्षरं साठवायच्या आणि क्रम लावायच्या पद्धतीचा) पर्याय आलाय, पण चालू सॉफ्टवेअरच्या डेटाबेसचं कोलेशन स्वतः बदलायला जाऊ नका.

'एन' लावूनही प्रश्नचिन्हं येत असतील तर मधल्या प्रोसीजरचे पॅरामीटर एकेक करून पाहा. पाच ठिकाणांहून जाणाऱ्या नावाला वाटेत एक 'व्हारचार' भेटला तरी पुरे. दुरुस्ती झाल्याशिवाय नवीन नोंदी भरणं थांबवा. रोज भरलेली नावं रोज नष्ट होत असतात आणि ते महिन्यानंतर लक्षात येतं.

तिसरा प्रकार इंग्रजी अक्षरांच्या चिवड्याचा. तो जुन्या डेटात सापडतो, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये भरलेल्या. तिथे साठवलेली अक्षरं इंग्रजीचीच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. डेटा सुरक्षित आहे, पण त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागतं. जोडाक्षरं आणि रफार यात चुका राहतातच, म्हणून रूपांतर नव्या कॉलममध्ये करा आणि नावं ओळखणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. जुना कॉलम पुसू नका.

एरर अर्धवट सांगते किंवा गिळली जाते

लाल ओळीवर डबल क्लिक केलं की कर्सर स्क्रिप्टमधल्या त्या जागी जातो. ओळीत प्रोसीजरचं नाव असेल तर ओळक्रमांक त्या प्रोसीजरमधला असतो, तुमच्या स्क्रिप्टमधला नाही.

मजकूर कॉलममध्ये मावत नाही तेव्हा जुन्या आवृत्त्या ८१५२ क्रमांकाची एरर देतात, पण कॉलमचं नाव सांगत नाहीत. २०१९ पासून तिच्या जागी २६२८ येते आणि ती टेबल, कॉलम आणि किंमत सगळं सांगते, मात्र डेटाबेसची कंपॅटिबिलिटी पातळी (कोणत्या आवृत्तीसारखं वागायचं ते ठरवणारा आकडा) १५० हवी. २०१६ आणि २०१७ मध्ये नंतरची अपडेट्स टाकल्यावर ट्रेस फ्लॅग ४६० (सर्व्हरचं खास सेटिंग) लावून ती मिळते.

एरर येतच नाही आणि कामही झालेलं नाही, असं असेल तर प्रोसीजरमध्ये 'ट्राय-कॅच' (एरर पकडणारी रचना) आहे का पाहा. 'कॅच'चा भाग रिकामा ठेवलेला असतो, एरर तिथे येते आणि विरते. त्यात 'थ्रो' लिहिलं की ती वर येते, फक्त त्याआधीच्या वाक्याला अर्धविराम हवा. रिकामा 'कॅच' मला कुठेही मान्य नाही. पैशाच्या व्यवहारात तर अजिबात नाही. प्रोसीजर सॉफ्टवेअरवाल्याची असेल तर स्वतः हात न लावता त्याला लेखी कळवा. तसंच 'सेट ॲन्सी_वॉर्निंग्ज ऑफ' कुठे दिसलं तर कारण विचारा, कारण त्यानं लांब मजकूर एरर न देता कापला जातो.

टूल दोषी की सर्व्हर?

इथवर सुटलं नाही तर तीच वाचणारी क्वेरी 'एसक्यूएलसीएमडी'मधून, म्हणजे काळ्या कमांड खिडकीतून चालवा. मेसेज तिथे आला आणि मॅनेजमेंट स्टुडिओत आला नाही तर दोष टूलचा किंवा त्याच्या सेटिंगचा. दोन्हीकडे आला नाही तर सर्व्हर किंवा स्क्रिप्ट. चाचणी इंग्रजी मेसेजवर करा, कमांड खिडकी देवनागरी नीट दाखवत नाही.

टूलचा दोष निघाला तर 'टूल्स' मधल्या 'इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट सेटिंग्ज' मधून सध्याची सेटिंग्ज जपून ठेवा आणि मग मूळ सेटिंग्जवर या. तरीही नाही तर नवी आवृत्ती टाका. मॅनेजमेंट स्टुडिओ सर्व्हरपासून वेगळा आणि मोफत आहे, तो बदलल्यानं डेटाला धक्का लागत नाही. 'आउट ऑफ मेमरी'चा त्रासही बऱ्याच अंशी यानंच जातो: २० पर्यंतच्या आवृत्त्या ३२-बिट आहेत, मशिनमध्ये रॅम कितीही असली तरी त्यांना थोडीच वापरता येते. २१ पासून टूल ६४-बिट झालं. तोपर्यंत लाखो ओळी ग्रिडमध्ये ओतू नका, कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबून फाइलमध्ये घ्या.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

मेसेजच्या ओळीत 'लेव्हल' नंतरचा आकडा वाचा. १० पर्यंत माहिती, ११ ते १६ स्क्रिप्ट किंवा डेटातली चूक. १७ ते १९ म्हणजे सर्व्हरकडे साधनं कमी पडत आहेत किंवा त्याच्यातच काही बिघडलंय. २० किंवा जास्त असेल तर कनेक्शनच तुटतं आणि मेसेज अनेकदा पूर्ण दिसत नाही. तो 'ऑब्जेक्ट एक्सप्लोरर'मध्ये 'मॅनेजमेंट'खाली सर्व्हरच्या लॉगमध्ये सापडतो.

लॉगमध्ये ८२३ किंवा ८२४ दिसलं तर डिस्कवरचा डेटा खराब झालाय किंवा वाचता येत नाही. आणि ८२५ तर विशेष जपून पाहायचं. त्याची पातळी १० आहे, म्हणजे नुसती माहिती. लाल अक्षरं नाहीत, काम थांबत नाही. पण त्याचा अर्थ असा, की पान पहिल्यांदा वाचता आलं नाही, पुन्हा प्रयत्न केल्यावर वाचलं गेलं. डिस्क जायला लागलीय. मोफत एक्सप्रेस आवृत्तीत एजंट (ठरलेली कामं आपोआप करणारा भाग) नसल्यानं त्याची सूचना आपोआप कुणाला जात नाही. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखालच्या केबिनमध्ये यूपीएसशिवाय चालणाऱ्या सर्व्हरचा लॉग आठवड्यातून एकदा तरी उघडून पाहा.

यापैकी काही दिसलं तर डेटाबेस डिटॅच करू (सर्व्हरपासून सोडवू) नका, तो परत जोडला जाईलच असं नाही. 'रिपेअर अलाउ डेटा लॉस' हा पर्याय चालवू नका, नावातच आहे तसं तो डेटा टाकून देऊन दुरुस्ती करतो. हाताशी असलेला शेवटचा चांगला बॅकअप वेगळ्या डिस्कवर कॉपी करा, जुन्या बॅकअपवर नवा लिहू नका आणि एंट्री थांबवा.

६३ क्रमांकाची नावं हजारांत निघाली, व्यवहार उघडा आहे आणि स्क्रिप्टवाला सापडत नाही, किंवा प्रोसीजर एन्क्रिप्ट केलेली आहे, तेव्हाही पुढे जाऊ नका.

बोलावलेल्या माणसासाठी हे तयार ठेवा: मेसेजचा पूर्ण मजकूर मेसेजेस टॅबमधून कॉपी केलेला, क्रमांक, लेव्हल, स्टेट आणि ओळ यांसकट, मोबाइलवर काढलेला अर्धा फोटो नको. 'सिलेक्ट @@व्हर्जन'चं उत्तर. 'हेल्प' मेनूतून टूलची आवृत्ती. शेवटचा बॅकअप कधीचा आणि कुठे आहे. आणि ती स्क्रिप्ट आत्तापर्यंत किती वेळा चालवली, हे खरं सांगा.